"गॅस असेल" म्हणून घरी बसू नका : सिस्टरांना विचारा

मागच्या अंकात आमच्या नर्सेसच्या ग्रुपबद्दल थोडं छापून आलं होतं. आम्ही काही जणी ड्युटी संपल्यावर किंवा वीकली ऑफला गावात, सोसायटीत, मंडळात जाऊन हार्ट अटॅकबद्दल बोलतो, त्याची ती माहिती होती. त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत. आणि एक आधीच सांगते, मी नर्स आहे, आयसीसीयूत (हृदयाच्या गंभीर पेशंटच्या वॉर्डात) बरीच वर्षं काढलीत, पण तुमची गोळी बदलणं किंवा डोस ठरवणं हे काम तुमच्या डॉक्टरांचं, ते मी इथे करणार नाही.

प्रश्न : आमच्या गावी भजनी मंडळापुढे दोन सिस्टर येऊन बोलून गेल्या. चांगलं बोलल्या, पण नंतर पारावर चर्चा झाली की ह्या कुठल्यातरी हॉस्पिटलने पेशंट गोळा करायला पाठवल्या असतील. खरं काय? (एक वाचक, वाळवा तालुका)

दादा, शंका आली त्यात चूक काही नाही, आजकाल फुकट तपासणीच्या नावाखाली काय काय चालतं ते आम्हालाही दिसतं. ओळखायचं कसं तर सोपं आहे. सिस्टरने एखाद्याच हॉस्पिटलचं नाव घेतलं, कार्ड वाटलं, पॅकेज सांगितलं, किंवा तुमचे नंबर लिहून घेतले तर सरळ विचारा की बाई तुम्ही कुणाकडून आलात. आमच्या ग्रुपचा नियमच आहे की बॅनर नाही, औषध विकायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत, चहा चालेल.

आता आम्ही हे का करतो ते सांगते. अटॅकचा पेशंट येतो तेव्हा पहिला प्रश्न आम्ही विचारतो, "कधीपासून दुखतंय?" आणि उत्तर येतं "काल संध्याकाळपासून", "पहाटेपासून", "दोन दिवस झाले थोडं थोडं". हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली की त्या नळीवर जगणारा स्नायू मरायला लागतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात चांगलं काम करतं, बारा तास उलटून गेले की त्याचा सहसा उपयोग राहत नाही. अँजिओप्लास्टीचंही, म्हणजे फुग्याने बंद नळी उघडायची, त्याचंही तसंच, जितकी लवकर तितका स्नायू वाचतो. म्हणजे हॉस्पिटल कितीही मोठं असू दे, डॉक्टर कितीही हुशार असू दे, घरी घालवलेले तास कुणालाच परत आणता येत नाहीत. वॉर्डात उभं राहून आम्हाला ते तास वाचवता येत नाहीत, त्यासाठी तुमच्या पारावरच यावं लागतं. म्हणून येतो.

प्रश्न : माझे मिस्टर ४६ वर्षांचे. पहाटे छातीत जड वाटलं, घाम आला, ते म्हणाले रात्रीची भजी बाधली, इनो घेतलं आणि झोपले. सकाळी बरं वाटलं म्हणून दुकानही उघडलं. दुपारी परत तसंच झालं तेव्हा नेलं तर अटॅक निघाला, स्टेंट टाकली. आता बरे आहेत. पण गॅस कुठला आणि हार्ट कुठलं हे घरात कसं ओळखायचं? (एक वाचक, बार्शी)

ताई, आधी मिस्टर बरे आहेत हे वाचून खूप बरं वाटलं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजे घरात ओळखता येत नाही. मलाही येत नाही. इतकी वर्षं या कामात काढूनही माझ्या स्वतःच्या घरात कुणाला असं झालं तर मी ईसीजी काढायलाच नेणार, अंदाज करत बसणार नाही.

इनोने किंवा सोड्याने ढेकर आला आणि हलकं वाटलं यावरून काहीच सिद्ध होत नाही. अटॅकचं दुखणं कधीकधी आपोआप कमी होतं, परत येतं, मध्ये दोन-चार तास माणूस ठणठणीत असतो, आणि नेमक्या त्याच वेळात सगळे म्हणतात बघ गॅसच होता. खरंतर ती जाऊन-येऊन असणारी वेळ म्हणजे सगळ्यात मोठी संधी असते, नळी पूर्ण बंद व्हायच्या आधीची. आमच्या बोलण्यात आम्ही सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवतो.

लक्षात काय ठेवायचं तर छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, कुणीतरी वजन ठेवल्यासारखं, बोट ठेवून एक जागा दाखवता येत नाही, पेशंट अख्खा तळवा किंवा मूठ छातीवर ठेवतो. ते डाव्या हातात, खांद्यात, दोन्ही हातात, पाठीत, जबड्यात, कधी वरच्या पोटात जातं. सोबत थंड घाम, मळमळ, दम, घाबरल्यासारखं. चालल्यावर वाढतं, थांबल्यावर कमी होतं असं आधी काही दिवस होत असेल तर तोही इशाराच. यातलं काही १०-१५ मिनिटं टिकलं किंवा जाऊन परत आलं तर निघायचं. घाम फुटलाय आणि माणूस पांढरा पडलाय तर तेवढीही वाट बघायची नाही.

४६ म्हणजे लहान वय असं तुम्हाला वाटलं असेल, सगळ्यांनाच वाटतं. पण ५२ देशांत झालेला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आहे, २००४ साली आला, त्यात दिसलं की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी येतो आणि बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे बऱ्याच जणांना तो मुलांची शिक्षणं चालू असतानाच येतो.

अजून एक. हॉस्पिटलात पोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी निघायला पाहिजे, नसेल निघाला तर नम्रपणे पण ठामपणे विचारा. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही. सुरुवातीला तो नॉर्मल असू शकतो, म्हणून थोड्या वेळाने परत काढतात आणि ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी काही तासांनी दुसऱ्यांदा करतात. डॉक्टर म्हणाले थांबा तर थांबा. "नॉर्मल आलाय ना, मग जातो" म्हणून सही करून जाणारे पेशंट बघितले की आम्हा नर्सेसचा जीव खालीवर होतो.

प्रश्न : आईला शुगर आहे, वय ६२. तिच्या छातीत कधीच दुखलं नाही, फक्त दोन दिवस खूप थकवा आणि जिना चढताना दम. डॉक्टर म्हणाले अटॅक येऊन गेलाय. असं होतं का? (एक वाचक, डोंबिवली)

होतं. शुगर जुनी असेल तर नसांवर परिणाम झालेला असतो आणि दुखणं जाणवतच नाही. बायकांमध्येही छातीचं दुखणं असतंच पण त्यासोबत किंवा कधी त्याच्याऐवजी दम, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, विचित्र थकवा असं जास्त दिसतं. आणि दुसरं कारण म्हणजे घरातली बाई सांगतच नाही. सकाळचे डबे झाल्याशिवाय, पाहुणे गेल्याशिवाय ती बसत नाही. हळदीकुंकवाला आम्ही मुद्दाम जातो ते यासाठी, तिथे बायका एकमेकींसमोर बोलतात, एक म्हणते मला पण असं होतं आणि मग चार जणी बोलायला लागतात. तुमच्या आईसारख्या कुणाला अचानक दम लागायला लागला, नेहमीचं काम झेपेना झालं, तर शुगर तपासताना ईसीजीही काढून घ्या.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर मेसेज आहे की एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहायचं, जीव वाचतो. (अनेकांनी विचारलंय)

नाही. हे वाचून कुणी खोकत बसलं तर तेवढा वेळ वाया जाणार. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही सांगितलंय की लोकांनी हे करू नये. एकटे असाल तर १०८ लावा, दाराची कडी काढून ठेवा, शेजाऱ्याला फोन करा, आणि बसून राहा. स्वतः गाडी चालवत निघू नका. आणि बोटांना सुया टोचायचा मेसेज येतो तोही पुढे पाठवू नका.

प्रश्न : अटॅक आला तर घ्यायला ॲस्पिरिन, जिभेखालची गोळी अशा तीन गोळ्यांचं स्वस्त किट घरात ठेवा असा मेसेज फिरतोय. ठेवावं का? जिभेखालची गोळी कुणालाही द्यावी का? (एक वाचक, नांदेड)

जिभेखालची गोळी म्हणजे सॉर्बिट्रेट, ती कुणालाही नाही. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलीये त्यालाच, आणि बसवून. ती बीपी खाली आणते, आधीच बीपी पडलेला माणूस असेल, घामाघूम, डोळ्यापुढे अंधारी, तर ती दिल्यावर तो कोसळू शकतो. पुरुष ताकदीच्या म्हणून घेतात त्या गोळ्या (व्हायग्रा वगैरे) एक-दोन दिवसांत घेतल्या असतील तर बिलकुल नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं तर लाजू नका, सांगा.

ॲस्पिरिनचं वेगळं आहे. अटॅकची शंका असेल, माणूस शुद्धीत असेल, ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सरचा किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर १०८ ला फोन केल्यावर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला देतात, गिळायची नाही, चावायची, लवकर लागू पडते म्हणून. त्याच फोनवर विचारूनच द्या. डोकेदुखीची प्रत्येक गोळी म्हणजे ॲस्पिरिन नाही, पॅरासिटामॉल दिलं तर त्याचा इथे उपयोग नाही. अर्धांगवायूसारखं, म्हणजे तोंड वाकडं, बोलणं अडखळणं असं असेल तर ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण मेंदूत रक्तस्रावही असू शकतो.

पण माझी किटबद्दलची खरी काळजी वेगळीच आहे. किट घेतलं, बरं वाटलं, आणि माणूस परत झोपला. तुमच्याकडे गोळी असेल तर ती गाडी येईपर्यंतची सोय म्हणून, घरी थांबायचं कारण म्हणून नाही.

प्रश्न : आमची वाडी डोंगरात. १०८ यायला वेळ लागतो, मग आपलीच जीप काढावी का? (एक वाचक, पाटण तालुका)

आधी १०८ लावाच. २०१४ पासून महाराष्ट्रात ही सेवा आहे, पैसे लागत नाहीत, गाडीत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो, मोठ्या ॲडव्हान्स गाडीत शॉक द्यायचं मशीन असतं. गाडी कुठून निघालीये आणि किती वेळ लागेल हे फोनवर विचारा, आणि वेळ जास्त असेल तर त्यांनाच सांगून जीपने खाली रस्त्यापर्यंत या, वाटेत गाठ घ्या. पेशंटला चालवायचं नाही, ओट्यावरून जीपपर्यंतसुद्धा उचलून किंवा खुर्चीत बसवून न्या. मोटारसायकलवर मध्ये बसवून तर अजिबात नको, वाटेत शुद्ध गेली तर काहीच करता येत नाही.

आणि हे आज करा, संकट यायच्या आधी : जवळ ईसीजी कुठे निघतो, रात्री कुठे निघतो, ग्रामीण रुग्णालय की उपजिल्हा रुग्णालय, तिथे गुठळीचं इंजेक्शन देतात का, हे एकदा जाऊन विचारून या आणि नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. आधी गावातल्या डॉक्टरकडे, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला असं टप्प्याटप्प्याने जाण्यात लोकांचे चार-पाच तास जातात.

पैशाची भीती हे पण उशिराचं मोठं कारण आहे, लोक बोलत नाहीत पण आम्हाला कळतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, जी २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती, अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही येतात. योजनेतल्या हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि फोटो ओळखपत्र घेऊन त्याला भेटायचं. कागद घरी राहिला म्हणून पेशंट घरी ठेवू नका, कागद मागून एक जण घेऊन येईल.

प्रश्न : सीपीआर (थांबलेल्या हृदयासाठी छातीवर दाबणं) शिकलो पण खरं करायची वेळ आली तर भीती वाटते. बरगडी मोडली तर? माणूस गेला तर पोलीस आपल्यालाच धरतील का? (एक वाचक, पुणे)

आधी एक गोंधळ दूर करते कारण बरेच जण अटॅक आणि अरेस्ट एकच समजतात. शेतात पाटाचं पाणी एका वाफ्याला जायचं थांबलं तर तो वाफा सुकतो, बाकीचं रान चालू असतं, हा अटॅक. विहिरीवरची मोटरच बंद पडली तर सगळंच थांबलं, हा कार्डियाक अरेस्ट. अटॅकचा पेशंट बोलत असतो, त्याच्या छातीवर दाबायचं नसतं. अरेस्टमध्ये माणूस कोसळतो, हलवलं तर प्रतिसाद नाही, श्वास नाही. किंवा अधूनमधून मोठा आचका दिल्यासारखा श्वास येतो, आणि इथेच सगळे फसतात, म्हणतात श्वास चालू आहे. तो श्वास नाही. तेव्हा सीपीआर सुरू करायचा.

एकाने १०८ लावायचा, फोन स्पीकरवर. पेशंट गादीवरून खाली कडक जमिनीवर. छातीच्या मधोमध हाडावर, खालच्या अर्ध्या भागावर, तळव्याचा मागचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, कमरेतून वजन टाकायचं. खोली ५ सेंटीमीटर तरी, ६ च्या पुढे नको. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे ३० दाब १५ ते १८ सेकंदात झाले पाहिजेत, घरी उशीवर मोबाईलचं घड्याळ लावून करून बघा, पहिल्यांदा सगळे एकतर फार हळू करतात नाहीतर फार घाईत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला कारण दमायला होतं आणि दमलेला हात वरवर दाबतो. मोठ्या माणसाला तोंडाने श्वास द्यायची तुमची तयारी नसेल तर नुसतं दाबलं तरी चालतं, आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी तशीच पद्धत सांगितलीये. लहान मुलं आणि विहिरीत-नदीत बुडालेले यांना मात्र श्वासही लागतो.

बरगडी मोडू शकते. मोडली तर जुळते. थांबलेल्या हृदयावर कुणी काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते, त्यापुढे बरगडी काहीच नाही. पोलिसांचं म्हणाल तर रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलंय, आणि बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी चांगल्या हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये संरक्षण आहे, आधी भारतीय दंड संहितेत ते कलम ९२ होतं.

प्रश्न : मी सिगारेट ओढत नाही, फक्त मिश्री लावते. चालतं ना? (एक वाचक, सांगली जिल्हा)

नाही चालत, ताई. मिश्री भाजलेली तंबाखूच आहे. चघळायच्या तंबाखूनेही अटॅकचा धोका वाढतो हे त्याच इंटरहार्टमध्ये दिसलं होतं. एकदम सुटत नसेल तर तुमच्या आशाताईंना सांगा, तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरून त्या बीपी-शुगरला पाठवतात, त्यात तंबाखूचाही प्रश्न असतो, खरं उत्तर द्या.

प्रश्न : मी सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. मलाही असं काम करायचंय, पण ड्युट्या, घर, आणि लोक ऐकतील का ही भीती. सुरुवात कशी करू? (एक वाचक, विदर्भ)

तुझं पत्र मी ग्रुपमध्ये वाचून दाखवलं, सगळ्याजणी खूश झाल्या. अगं लोक ऐकतात. नर्सचं तर जास्तच ऐकतात, कारण डॉक्टर राउंड घेऊन जातात आणि रात्री तीन वाजता "सिस्टर, घाबरायला होतंय" म्हटल्यावर आपणच जातो, हे त्यांनी बघितलेलं असतं.

आधी मेट्रनमॅडमना आणि वरिष्ठांना लेखी कळव, युनिफॉर्मवर जायचं की साध्या कपड्यात ते विचारून घे. बीएलएसचं (सीपीआर वगैरे जीव वाचवायच्या प्रशिक्षणाचं) सर्टिफिकेट दोन वर्षांपूर्वीचं असेल तर परत करून घे, आपणच चुकीचं शिकवायला नको. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनची शाखा जवळ असेल तर त्यांच्याशी बोल, भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या शहरातल्या शाखेकडे सरावाचा पुतळा असतो, कधी देतात. नाहीच मिळाला तर घट्ट भरलेली उशी किंवा गोणपाटात कापड कोंबून केलेली गादी चालते, आम्ही कितीतरी महिने तेच वापरलं. एकटी जाऊ नकोस, दोघी जा, एकीने बोलायचं आणि दुसरीने लोकांच्या हाताची जागा, कोपर नीट करायचं.

बोलणं वीस मिनिटांच्या वर नको. हृदयाची चित्रं, कोलेस्टेरॉलचे आकडे, एचडीएल-एलडीएल हे सगळं वगळ. लक्षणं, वाट बघायची नाही, १०८, जवळचा ईसीजी कुठे, आणि सीपीआर. एवढंच. मग प्रत्येकाला दाबायला लाव, बघणाऱ्याला काही येत नाही, हात लावणाऱ्याला येतं. म्हाताऱ्या आजींनाही लाव, त्यांच्याकडून पूर्ण जोर होणार नाही पण १०८ लावायचा आणि दार उघडायचं हे त्या विसरणार नाहीत, आणि घरात दिवसभर बहुतेक त्याच असतात.

बीपी तपासलंस तर लिहून दे, पण गोळी सांगायची नाही, "डॉक्टरांकडे जा" एवढंच. बीपी फार जास्त निघालं आणि त्रास होत असेल तर कार्यक्रम थांबवून आधी त्याला पाठव. आणि कुणी म्हणालं "माझ्या नवऱ्याला असंच झालं होतं, आम्ही उशीर केला" आणि रडायला लागलं, तर तिला बाजूला घेऊन बस, पुढचं दुसरी सांभाळेल. त्या बाईला तू असं म्हणू नकोस की वेळेत आणलं असतं तर वाचले असते. ती ते रोज स्वतःलाच म्हणते.

तारखा हव्या असतील तर २९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन आहे, १६ ऑक्टोबरला जगभर हृदय पुन्हा सुरू करायचं शिकवतात, १२ मे आपला परिचारिका दिन. गणपतीत मंडपात गर्दी मिळते पण स्पीकरमुळे ऐकू जात नाही, सकाळची आरती झाल्या झाल्या वेळ माग. एसटी डेपोत ड्रायव्हर-कंडक्टर लोकांना शिफ्ट बदलताना गाठ. साखर कारखान्याच्या भागात असशील तर ऊसतोड मजुरांच्या तळावर जा, तिथे आपलं कुणी जात नाही. आणि सगळ्यात आधी बचत गटाची बैठक धर, हप्ता गोळा करायच्या दिवशी बायका सगळ्या हजर असतात.